कुजबुज निघाली केनियाला

बळवंत अमोलिक यांचं नाव दिल्लीतल्या मराठी नाटकाच्या एकाही जाहिरातीवर कधी छापलं गेलं नाही. पण राजधानीतली मराठी कारकून मंडळी ऑफिस सुटलं की कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कचेरीत टेबलं भिंतीला सरकवायची, आवाज नको म्हणून पंखा बंद करायची आणि घाम पुसत पुसत प्रेमाचे प्रवेश रंगवायची, त्या सोन्यासारख्या काळात या माणसावाचून एकदाही पडदा वर गेला नाही. बळवंतराव प्रॉम्प्टर होते. डाव्या विंगेत एक डुगडुगतं स्टूल, मांडीवर संहिता, हातात रुमाल गुंडाळलेला टॉर्च आणि ओठांवर दुसऱ्यांची वाक्यं.

लोकांना वाटतं, प्रॉम्प्टिंग म्हणजे नुसतं वाचून दाखवणं. तसं नसतं ते. आवाज असा लागतो, की विसरलेल्या नटाच्या कानात तो अचूक शिरला पाहिजे आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सेक्रेटरीसाहेबांना त्याचा पत्ताही लागता कामा नये. बळवंतरावांची कुजबुज तशी होती. विंगेतून निघायची आणि ज्याची वाट चुकली आहे, त्याच्याच कानाशी जाऊन उभी राहायची.

पंचाईत एवढीच झाली, की ती कला विंगेत राहिली नाही. माणूस बोलता बोलता थांबला, म्हणजे तो विसरला, ही समजूत त्यांच्या हाडात मुरली. चर्चमध्ये पाळकसाहेब प्रार्थना करताना भाव दाटून क्षणभर थांबले, की तिसऱ्या बाकावरून पुढचे शब्द येत. मंत्रालयात जॉइंट सेक्रेटरी विचार करायला थांबले, की सेक्शन ऑफिसर अमोलिक त्यांना निर्णय पुरवत. गाझियाबादच्या बाजारात भाजीवाला किंमत सांगण्याआधी नुसता डोकं खाजवायचा, आणि बळवंतराव त्याला आकडा सुचवून मोकळे व्हायचे. तो भाजीवाला त्यांच्यावर फार खूश असे. एका लग्नात तर नवरदेवाने ‘होय’ म्हणायच्या आधी जरा आवंढा गिळला, तेवढ्यात मागून ‘होय’ आलं. नवरीने वळून पाहिलं. तिला बिचारीला कळेना, आपलं लग्न नक्की कोणाशी लागलं.

त्यांचं स्वतःचं लग्नही याच कुजबुजीने जुळवलं होतं. प्रभा राजवाडे ही करोलबागेत राहणारी सरकारी अधिकाऱ्याची मुलगी. पहिल्याच प्रयोगात ती नायिकेची बहीण होऊन प्रकाशात आली, समोर भरलेलं सभागृह पाहिलं, आणि सगळं पाठांतर उडून गेलं. डावीकडून कोणीतरी तिचं वाक्य तिला दिलं, मग दुसरं, मग तिसरं. प्रभाताई पुढे आयुष्यभर सांगायच्या, की मी यांचा चेहरा नंतर पाहिला, आधी मला वाटलं माझं मनच माझ्याशी बोलतंय. ती हिंदू, हे ख्रिस्ती. दोन्ही घरांत वादळ झालं. पण भांडायला दोन आवाज लागतात, आणि बळवंतराव प्रत्येक आरोपाला इतक्या हळू उत्तर देत, की समोरच्याला ‘काय म्हणालात?’ असं विचारावं लागे. असं चार-सहा वेळा विचारून झालं, की रागातली हवा निघून जाई. वादळ उपाशी राहून मेलं. पुढे गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये एका भिंतीशी तिची समई आणि समोरच्या भिंतीवर यांचा क्रूस, असा संसार सुखाने झाला. फक्त एकदा स्वयंपाकघरातल्या पडद्याने पेट घेतला, तेव्हा बळवंतराव ‘आग, आग’ असं कुजबुजले होते. प्रभाताईंना जळका वास आला म्हणून थोडक्यात निभावलं.

निवृत्त झाल्यावर दोन-एक वर्षांत तो केनियाचा विषय निघाला.

दिल्लीतली मराठी ख्रिस्ती मंडळी तशी मूठभर. कोणी नगरकडचे, कोणी जालन्याचे, कोणी कोल्हापूरचे, सगळे नोकरीपायी उत्तरेला आलेले. दुसऱ्यांच्या चर्चमध्ये, त्यांची उपासना आटोपून ते जेवायला गेले, की मग दुपारच्या उन्हात यांची मराठी उपासना भरायची. एका रविवारी डॉक्टर वृंदा साळवी उठून उभ्या राहिल्या. या दातांच्या डॉक्टर. त्यांच्या धंद्यात माणसाने तोंड उघडल्याशिवाय काम सुरूच होत नाही, त्यामुळे स्वभावही तसाच, थेट. त्या म्हणाल्या, केनियातल्या एका गावच्या मंडळीने बोलावलं आहे. सकाळी दातांचं शिबिर चालवायचं, संध्याकाळी एक छोटं नाटक करायचं आणि प्रार्थना घ्यायची. नाटक त्यांनीच लिहिलं होतं, सोप्या इंग्रजीत. एक मुलगा बापाशी भांडून शहरात जातो, बाप रोज त्याचं ताट वाढून ठेवतो, आणि एके दिवशी मुलगा परत येतो. मुलाच्या कामाला उल्हास होता, मुनिरक्यात खोली घेऊन राहणारा कम्प्युटरवाला. आईचं काम त्या स्वतः करणार होत्या. बाप मिळत नव्हता.

बळवंतरावांनी हात वर केला.

सगळ्यांनी माना वळवल्या. या माणसाने आजवर हात वर केला होता तो टॉर्च धरायला. पण त्यामागे एक जुनी गोष्ट होती. नगरजवळच्या त्यांच्या खेड्यात लहानपणी एक गोरी मडम राहायची. ती मोडक्या मराठीत पोरांना गाणी शिकवायची, खरूज झालेल्या हातांना मलम लावायची. ही बाई एवढे समुद्र ओलांडून आमच्याकडे आली, आमच्यातलं कोणी कधी कुठे गेलं का, असा प्रश्न त्या पोराला तेव्हा पडला होता. कुणाला विचारला नव्हता, अर्थातच. विचारला असता तरी कुणाला ऐकू गेला नसता. तो प्रश्न इतकी वर्षं मनात बसून होता, आणि आता त्याने हात वर केला.

प्रभाताईंचे भाऊ दत्तात्रय दर दिवाळीला यायचे आणि मेव्हण्याची थट्टा केल्याशिवाय चकलीला हात लावायचे नाहीत. ते म्हणाले, “दाजी, आजवर ते लोक इकडे यायचे आणि आपण टाळ्या वाजवायचो. आता तुम्ही चाललात, उत्तम. पण तिकडच्यांना कळणार कसं, की तुम्ही आलात?”

प्रभाताई त्या दिवशी हसल्या नाहीत. भाऊ गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, सगळा जन्म तुम्ही दुसऱ्यांची वाक्यं सांभाळलीत. तुमचा आवाज माझ्याशिवाय कुणी ऐकला नाही, आणि खरं सांगू, मीही पुरता ऐकलेला नाही. एकदा तरी तो मोठा झालेला मला ऐकायचाय.”

एवढंच मागणं. पण ते बळवंतरावांना पासपोर्ट, व्हिसा आणि पिवळ्या तापाचं इंजेक्शन या तिन्हींपेक्षा जड वाटलं.

शिकवणी सुरू झाली ती गच्चीवर. एका टोकाला पाण्याच्या टाकीपाशी बळवंतराव, दुसऱ्या टोकाला वाळत घातलेल्या चादरींआड प्रभाताई. नाटकातलं बापाचं शेवटचं वाक्य होतं, ‘आलास? चल, जेवण निवतंय.’ इंग्रजीत ते जरा कोरडं वाटे, म्हणून तालमीत आधी मराठीत घोटायचं, असा प्रभाताईंचा नियम.

“आलास? चल, जेवण निवतंय,” बळवंतराव म्हणायचे.

“ऐकू येत नाही,” चादरींआडून यायचं. “मोठ्याने बोला.”

ते छाती फुगवायचे, मानेच्या शिरा ताणायचे, चेहरा लाल व्हायचा, आणि बाहेर यायची तीच मऊ, रेशमासारखी कुजबुज.

“ऐकू येत नाही.”

शेजारच्या खुराणा भाभी एकदा कपडे काढायला वर आल्या आणि हा प्रकार पाहून घाबरल्या. “भाभीजी, भाईसाहब से झगड़ा हो गया क्या?”

“झगड़ा होता तो अच्छा था,” प्रभाताई म्हणाल्या, “आवाज़ तो निकलती.”

जाण्याच्या आधल्या रविवारी उपासनेनंतर रंगीत तालीम झाली. प्रभाताई मुद्दाम शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. बळवंतरावांनी दोन अपराध केले. एक, त्यांचं एकही वाक्य दुसऱ्या बाकाच्या पलीकडे गेलं नाही. दोन, उल्हास जरा कुठे थांबला की बाप मुलाची वाक्यं मुलाआधी म्हणू लागला. भांडणाच्या प्रवेशात तर बापच दोन्ही बाजूंनी भांडत होता आणि मुलगा नुसती मान हलवत होता. मंडळी तोंडावर रुमाल धरून हसली. वृंदा डॉक्टरांनी शेवटच्या बाकाकडे पाहून विचारलं, “काकू, बापाचं शेवटचं वाक्य ऐकू आलं?”

खोटं बोलणं प्रभाताईंना अवघड नव्हतं, नटी होत्या त्या. पण नाटकाच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. नाही.

बाप बदलायला आता वेळ नव्हता. तिकीट काढून झालं होतं, त्यावर नाव बळवंतरावांचं होतं. मग डॉक्टरांनी तोडगा काढला. तिकडे स्वाहिली बोलतात, तेव्हा प्रत्येक वाक्याला शेजारी दुभाषा असणारच. काकांनी फक्त ओठ हलवायचे, हळू का होईना वाक्य म्हणायचं, मोठ्याने बोलायचं काम दुभाषा करील. “आणि काका, एक वचन द्या,” त्या म्हणाल्या. “प्रॉम्प्टिंग नाही. बिल्कुल नाही. तिथे एकदा जरी कुजबुजलात, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दातांच्या रांगेत चिठ्ठ्या वाटायला बसाल.”

बळवंतरावांनी वचन दिलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, दिलं का? म्हणून पुन्हा दिलं.

निघायच्या दिवशी प्रभाताईंनी बॅगेत खडीसाखर आणि ज्येष्ठमधाच्या काड्या भरल्या, हातावर दही ठेवलं. बळवंतरावांनी डोळे मिटून प्रार्थना केली. ती फक्त देवाला ऐकू गेली, आणि तेवढं पुरे होतं. मग दारात थांबून ते ‘येतो’ म्हणाले. जिन्यावर उभ्या असलेल्या उल्हासने विचारलं, “काका काय म्हणाले?”

“येतो म्हणाले,” प्रभाताईंनी सांगितलं. या घरात दुभाषा नवा नव्हता.

नैरोबीच्या विमानतळावर पहिली गडबड झालीच. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने उल्हासला विचारलं, कशासाठी आलात? उल्हास थकलेला, तो आठवू लागला. मागून उत्तर आलं. अधिकाऱ्याने विचारलं, कुठे उतरणार? पुन्हा मागून. अधिकारी मान वाकडी करून पाहू लागला, की या मुलाचे ओठ न हलता आवाज येतो कुठून. बळवंतरावांना पुढे बोलावण्यात आलं. आपण कोण, असं विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की मी याचा बाप आहे, पण फक्त संध्याकाळी. ते निस्तरायला वृंदा डॉक्टरांना बरंच बोलावं लागलं.

गाव चहाच्या मळ्यांच्या कडेला होतं. लाल माती, हिरवे उतार, पत्र्याचं लांबलचक चर्च. जिथे जावं तिथे दारातून एकच शब्द येई, करीबू. चहा देताना करीबू, खुर्ची पुढे करताना करीबू, हात धुवायला पाणी घालताना करीबू. या, आपलंच घर आहे, असा त्याचा भाव. बळवंतरावांनी तोच एक शब्द शिकून घेतला आणि दिवसभर जिभेवर घोळवला. दुभाषा होते शाळेतले शिक्षक झकायो. सगळे त्यांना म्वालिमू म्हणत, म्हणजे गुरुजी. उंच, रुंद, आणि आवाज असा की पत्रा वाजावा. स्वभावाने अतिशय काटेकोर. वृंदा डॉक्टरांनी त्यांना बजावून ठेवलं होतं, की या काकांचा आवाज लहान आहे, तेव्हा तुम्ही त्यांच्या ओठांशी कान ठेवा आणि ते जे जे म्हणतील ते ते एकही शब्द न गाळता मोठ्याने सांगा. म्वालिमूंनी छातीवर हात ठेवून ते मान्य केलं होतं.

डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही, की दोन वचनांपैकी हे एक फार काटेकोरपणे पाळलं जाणार आहे.

संध्याकाळी चर्च गच्च भरलं. सकाळी दात काढलेली माणसंही गालात कापूस धरून आली होती. खिडक्यांत पोरं, दारात बायका, बाकांवर दाटीवाटीने म्हाताऱ्या. बळवंतराव धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून समोर आले. विंगेच्या अंधारात आयुष्य काढलेल्या माणसावर पहिल्यांदाच दिव्यांचा झोत पडला. त्यांनी पहिलं वाक्य हळू म्हटलं. शेजारून म्वालिमू गरजले. लोकांनी माना डोलावल्या, कुणी हुंकार भरला. बळवंतराव चकित झाले. ओठांतून निघाली मांजर, आणि समोर पोचला सिंह. त्यांना वाटलं, ही तर स्वर्गातली व्यवस्था आहे.

मग भांडणाचा प्रवेश आला. उल्हास तावातावाने घर सोडून निघाला आणि पिशवी विसरला. ती पुढे शहराच्या प्रवेशात लागणार होती. बळवंतरावांनी वचन आठवलं, ओठ आवळले. उल्हास दाराशी पोचला. आणि मग तीस-चाळीस नाटकांचं रक्त उसळलं, त्याला काय करणार? ते पाठमोऱ्या उल्हासला कुजबुजले, “पिशवी राहिली.” प्रॉम्प्टर नाटकाच्याच भाषेत बोलतो, या धर्माला जागून ते इंग्रजीत कुजबुजले.

म्वालिमू गरजले. पिशवी राहिली.

चर्चमध्ये हशा उसळला. बायकांनी टाळ्या दिल्या. घर सोडून चाललेल्या पोराला रागावलेला बाप पिशवीची आठवण करतो, हे त्यांना इतकं ओळखीचं वाटलं, की शेजारणी एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. उल्हास परत आला, पिशवी उचलली, पुन्हा निघाला. वृंदा डॉक्टरांनी आईच्या पदराआडून असे डोळे वटारले, की बळवंतराव घाईघाईने म्वालिमूंना म्हणाले, “हे सांगायचं नव्हतं.”

म्वालिमूंनी तेही सांगितलं, खणखणीत.

आता लोक बाकांवरून घसरायचे बाकी राहिले. गालातले कापूस उडाले. एका म्हाताऱ्याने उभं राहून बापाला हात केला, की असू दे, आम्हीही असंच करतो. डॉक्टरांना स्वतःचं वाक्य आठवेना, बळवंतरावांना आठवत होतं, आणि ते म्हणण्याची आता सोय नव्हती. कारण त्यांच्या तोंडून निघालेलं सगळंच आता सगळ्यांचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या लपायच्या जागेवर दिवा लागला होता.

कसाबसा शेवटचा प्रवेश आला. बापाने ताट वाढलं, झाकून ठेवलं, दाराकडे पाहत बसला. मुलगा परतला. उल्हास फाटका सदरा घालून दारात आला, समोरचे शेकडो डोळे त्याने पाहिले, आणि त्याचं सगळं गेलं. हे थांबणं रंग भरण्यासाठी नव्हतं. बळवंतरावांनी असे चेहरे विंगेतून पुष्कळ पाहिले होते. त्यातलाच एक पुढे त्यांची बायको झाला होता.

त्यांनी वचन आठवलं. दातांची रांग आठवली. मोठ्याने सगळं सांगून टाकणारे म्वालिमू कान लावून उभेच होते. उल्हास घर चुकलेल्या पोरासारखा त्यांच्याकडे पाहत होता.

“श्वास घे,” बळवंतराव कुजबुजले. “घाई नाही. मी इथेच आहे.”

म्वालिमूंनी ते सांगितलं, पण या वेळी गरजले नाहीत. हसणारे लोक गप्प झाले.

“खाली बघू नको. एक पाऊल पुढे ये.”

म्वालिमूंनी सांगितलं. उल्हासने पाऊल टाकलं.

“अजून एक. आता म्हण, बाबा.”

“बाबा,” उल्हास म्हणाला. इंग्रजी नाटकात ते मराठीत आलं, पण त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही. त्यानंतर त्याला पुढचं सगळं आठवलं, चुकलो, माफ करा, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, असं भराभरा बोलून तो बापापुढे गुडघ्यांवर बसला.

आता बापाचं शेवटचं वाक्य. म्वालिमू कान पुढे करून उभे. आणि बळवंत अमोलिक, ज्यांना तीस-चाळीस नाटकांतल्या प्रत्येक पात्राचं प्रत्येक वाक्य पाठ होतं, ते आपलं वाक्य विसरले.

त्यांनी सवयीने डावीकडे पाहिलं. डावीकडे भिंत होती. स्टूल नव्हतं, टॉर्च नव्हता, विंगेत कुणीच नव्हतं, कारण ते स्वतः इथे होते.

पहिल्या बाकावर एक म्हातारी बसली होती. डोक्याला फडकं, गालात सकाळचा कापूस. तिने जरा वाट पाहिली. मग ती पुढे वाकली आणि अगदी हळू, फक्त त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “करीबू न्युम्बानी.”

घरी ये. तिला संहिता ठाऊक नव्हती. तिने आपलं, अशा वेळी आई-बाप जे म्हणतात ते सुचवलं. पण प्रॉम्प्टिंग इतकं शुद्ध होतं, वेळ इतकी नेमकी होती, की बळवंतरावांनी मनात तिला दाद दिली. कुणीतरी त्यांना वाक्य दिलं होतं. आणि दिलेलं वाक्य उचलायचं कसं, हे विंगेतून त्यांनी हजारदा पाहिलं होतं. मान वर, छाती पुढे, आणि शेवटच्या रांगेसाठी.

“करीबू न्युम्बानी!”

पत्रा वाजला. खिडकीतली पोरं मागे सरकली. वृंदा डॉक्टरांच्या हातातलं भांडं पडलं. गुडघ्यांवर बसलेला उल्हास दचकून उभा राहिला, आणि बापाने त्याला कवटाळलं. म्वालिमू सवयीने श्रोत्यांकडे वळले, तोंड उघडलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की सांगायचं काही उरलेलं नाही.

त्यानंतर जे गाणं आणि नाचणं झालं, ते आवरता आवरता बराच वेळ गेला. प्रार्थनेला लोक रांगेने पुढे आले. त्यांत घरच्यांशी वर्षानुवर्षं न बोललेले पुष्कळ होते, असं म्वालिमूंनी सांगितलं. प्रत्येकाला बळवंतरावांनीच डोक्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना हवी होती. त्यांनी ती हळू आवाजात केली. डॉक्टर जवळ आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “काका, दातांच्या चिठ्ठ्या मीच वाटते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी म्वालिमूंच्या शाळेच्या ऑफिसातून गाझियाबादला फोन लागला. बळवंतरावांनी सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी म्हणाले, की मोठ्याने बोललो बरं का.

“काय म्हणालात?” प्रभाताईंनी विचारलं.

“मोठ्याने बोललो म्हटलं.”

“ऐकू येत नाही. लाइन खराब आहे. मोठ्याने बोला.”

ते जरा मोठ्याने बोलले. अजून ऐकू येईना. आणखी मोठ्याने बोलले. पलीकडून तेच, अहो काहीच कळत नाही, काय बोललात ते वाक्य तरी सांगा. शेवटी बळवंतराव उभे राहिले, फोनची तार ताणली गेली, आणि त्यांनी ‘करीबू न्युम्बानी’ अशी हाक दिली, की वर्गातली मुलं धावत बाहेर आली आणि शाळेचा शिपाई पाण्याचा पेला घेऊन आला. मग त्यांनी मराठीतलं वाक्यही म्हटलं, तितक्याच मोठ्याने. आलास, चल, जेवण निवतंय.

मग प्रभाताई म्हणाल्या, “आता आलं ऐकू,” आणि फोन ठेवला.

परत आल्यावर खुराणा भाभी मिठाईचा डबा घेऊन भेटायला आल्या. बळवंतराव सोफ्यावर बसले होते, प्रभाताई ओट्याशी भाभींसाठी चहा गाळत होत्या. भाभींनी कौतुक केलं, आफ्रिकेचं, धोतराचं, प्रार्थनेचं. मग म्हणाल्या, “और भाईसाहब, उस दिन फोन के स्पीकर पर आपकी आवाज़! मैं यहीं बैठी मटर छील रही थी। शुरू से ही इतनी साफ़ आ रही थी, जैसे साथ वाले कमरे से बोल रहे हों।”

बळवंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. “शुरू से?” त्यांनी विचारलं.

“बिल्कुल शुरू से।”

ते वळले आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. प्रभाताई चहा गाळायच्या थांबल्या. जिने सगळा जन्म नाटकाच्या बाबतीत कुणाला फसवलं नाही, ती नटी आता रंगेहाथ पकडली गेली होती. त्यांनी एकदा गाळणीकडे पाहिलं, एकदा समईकडे, एकदा समोरच्या क्रुसाकडे. “लाइन,” त्या म्हणाल्या. “म्हणजे त्या दिवशी ती लाइन जी होती ना, ती...”

आणि अडकल्या.

बळवंतरावांना पुढची निदान तीन वाक्यं येत होती. एकाहून एक चांगली. ती त्यांच्या ओठांपर्यंत आलीही. त्यांनी कप पुन्हा उचलला, पाय पसरले, आणि बायकोकडे पाहत मजेत वाट बघत बसले, कुठलंही वाक्य न सुचवता.